दुसऱ्याच्या कार्डावर

बाजारतळावरच्या फ्लेक्सवर तृप्तीचा फोटो दिसला तेव्हा मला वाटलं, पोरीचा सत्कार आहे. आमच्याकडं माणूस फ्लेक्सवर चढतो तो वाढदिवसाला, निवडून आल्यावर, नाहीतर मेल्यावर. तृप्ती माझी सख्खी भाची. आसपासच्या गावांत गाई भरवायचं काम करते. आता वळू कोण पाळतो? थंड टाकीतली नळी घेऊन तृप्तीच जाते, सुई टोचते, अडलेलं वासरू ओढते. बाईमाणसाचा हात बारीक असतो, गाईला त्रास होत नाही, म्हणून लोक तिलाच बोलावतात. म्हटलं, दूध संघानं अखेर पोरीची कदर केली. दुधाची पिकअप कडेला घेतली आणि वाचायला उतरलो.

वर लिहिलं होतं, 'संघ म्हणजे कुटुंब'. खाली लिहिलं होतं, 'कंपवाताची चाहूल लागलेल्या आमच्या भगिनी तृप्ती सोनवणे यांच्या पाठीशी संघ खंबीरपणे उभा आहे. उपचार निधीस सढळ हाताने मदत करावी.' शेजारी आणखी तिघं होती. एकाचं लिव्हर, एकाची साखर, एका म्हातारीची छाती. आणि सगळ्यांच्या वर हात जोडलेले चेअरमन विलासतात्या, आजाऱ्यांपेक्षा चौपट मोठे.

कंपवात म्हणजे हात थरथरायचा आजार. आदल्याच दिवशी माझ्या डोळ्यांदेखत या पोरीनं खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू फिरवून काढलं होतं. तिला फोन लावला. म्हटलं, "पोरी, तुला काय झालंय?"

"मला कुठं काय झालंय? गोठ्यात आहे. का रे मामा?"

तिला माहीतच नव्हतं. बाजारतळाला माहीत होतं, वडापाववाल्याला माहीत होतं, तिला नव्हतं. मी तिला फोनवर काय सांगणार? म्हटलं, येतो.

तर हे कळलं कुणाला? नाकाला.

आमच्या तालुक्याच्या दूध संघानं प्रत्येक संकलन केंद्रावर एक यंत्र बसवलंय. हत्तीच्या सोंडेसारखं लोंबतं आणि कॅनवर येऊन हुंगतं. कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला नाकच म्हणतो. ते बसवायला मुजावर बाई आल्या होत्या, कुलसुम मुजावर, इंजिनिअर. माझ्याच गाडीतून केंद्रं फिरायच्या. मी एकदा विचारलं, की बाई, लोखंडाला वास कसा येतो?

त्या म्हणाल्या, "मामा, वास म्हणजे हवेत उडालेले बारीक कण. दुधाचे वेगळे, युरियाचे वेगळे. यंत्रात हजारो टिकल्या आहेत, प्रत्येकीवर वेगळा लेप. एकीला आंबट कण चिकटतो, दुसरीला गोड. कुठल्या टिकल्यांना किती चिकटलं, त्याची एक रांगोळी तयार होते. गाईच्या सडाला सूज यायला लागली, की दूध बिघडायच्या आधी रांगोळी बदलते."

मला पटलं. कुत्रं तरी दुसरं काय करतं?

पण एक घोळ होता. कॅन आपोआप येत नाही, माणूस घेऊन येतो. त्याला घाम असतो, तंबाखू असते, डोक्याला तेल असतं. नाकाला दुधाआधी माणसाचाच वास यायचा. बाई म्हणाल्या, घरात भांडी आपटत असताना रेडिओ ऐकायचा असेल तर भांड्यांचा आवाज कोणता हे आधी ओळखावं लागतं, मग तो वजा करायचा. म्हणून नाक आधी माणसाचा वास टिपायचं, सभासदाच्या कार्डावर ठेवायचं आणि दुधाच्या वासातून वजा करायचं. काम झालं की माणसाचा वास संध्याकाळी पुसून टाकायचा. तसं बाईंनी ऑफिसला लिहून दिलं होतं.

पुसतंय कोण? आमच्याकडं आइस्क्रीमचा रिकामा डबा फेकत नाहीत, त्यात सुईदोरा ठेवतात. ऑफिसातले म्हणाले, असू द्या, लागेल कधीतरी. सगळ्या सभासदांच्या अंगाचा वास संघाच्या कपाटात साठत गेला, आणि आम्ही रोज सकाळी मुकाट्यानं तिथं उभं राहून तो देत गेलो. आम्हाला वाटलं, आम्ही दूध घालतोय.

मग एक बाहेरची कंपनी आली. म्हणाली, अंगाचा वास आजाराच्या आधी बदलतो, कंपवात तर हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी कातडीच्या तेलात उतरतो. आम्ही तुमचे साठवलेले वास फुकट तपासून देतो. फुकट म्हटल्यावर तात्यांनी सगळं कपाटच उघडून दिलं. उत्तर आलं त्याच्यावर 'गोपनीय' असा शिक्का होता. शिक्क्यासकट ते प्रसिद्धीवाल्याकडं गेलं, तिथून फ्लेक्सवाल्याकडं. फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून अर्धा तालुका चहा पितो. तिथं मजकूर जुळवता जुळवता दोघांनी शुद्धलेखनसुद्धा तपासून दिलं म्हणे.

कुणी चोरी केली नाही, कुणी कुलूप फोडलं नाही. चोरी झाली असती तर बरं होतं. चोराला निदान लपवायची अक्कल असते.

*

दुसऱ्या दिवशी तृप्ती म्हणाली, "मामा, मी कामाला जाणार. घरात बसले तर लोक म्हणतील, खरंच आहे."

तिची स्कूटी बिघडली होती म्हणून मी पिकअपमधून सोडायला गेलो. गोरख आव्हाडांच्या वस्तीवर गाय माजावर आली होती. गोरख अंगणातच आडवा आला.

"ताई, तुम्ही कशाला तसदी घेतली? आराम करा आता."

"गाय हंबरतेय गोरखभाऊ. आजची वेळ चुकली तर तीन आठवडे थांबावं लागेल."

"थांबू की. नाहीतर तालुक्याहून डॉक्टर येतोच आहे." बोलताना तो तिच्या तोंडाकडं बघत नव्हता. हाताकडं बघत होता. भानामती करणाऱ्या बाईच्या हाताकडं बघावं तसं.

मी म्हटलं, "गोरख, तुझ्या दावणीच्या सगळ्या कालवडी हिच्याच हातच्या आहेत ना रे?"

"मामा, तसं नाय. जनावर लाखाचं आहे. आत हात हलला, काही फाटलं, तर?"

त्याची बायको चहा घेऊन आली. माझा कप काठोकाठ. तृप्तीचा अर्धा.

तृप्तीनं कपात बघितलं. म्हणाली, "वहिनी, एवढ्या गाई दावणीला आणि दूध कमी पडलं का?"

"नाय गं बाई," ती बिचारी खरं बोलून गेली, "म्हटलं अंगावर सांडायला नको."

तृप्तीनं चहा पिऊन टाकला, कप विसळून पालथा घातला आणि गाडीत येऊन बसली. वस्ती मागं पडल्यावर तिनं हात पुढं धरला, काचेसमोर. "मामा, बघ. हलतोय का?"

गाडी खड्ड्यातून चालली होती, गाडीच हलत होती. मी गाडी थांबवली. हात कोरीव दगडासारखा होता.

"नाही हलत."

"नक्की?"

"नाही हलत म्हटलं ना."

पण पुढच्या दिवसांत मी बघत होतो. पोरगी घास उचलायच्या आधी हाताकडं बघायची. कुंकू लावताना बघायची. माझी बायको संगीता मला म्हणाली, "अहो, तिला सांगा बघायचं सोडून दे. मलाच आता सुईत दोरा ओवताना भीती वाटते." आणि मग एक दिवस तृप्ती सुई भरत होती आणि हात खरंच हलला. आजारानं नव्हे. सगळा गाव ज्या हाताकडं टक लावून बघतो तो हात आज ना उद्या हलणारच. गाईसमोर पाच माणसं मोबाईल काढून उभी होती, हलतो का बघायला. तुमचा नाही हलणार? गाई भरवणाऱ्यांच्या यादीतलं तिचं नाव संघानं त्याच आठवड्यात काढलं. सोसायचं तरी किती?

*

मी संघात गेलो. तात्या सोफ्यावर बसले होते, मुजावर बाई समोर खुर्चीत. बाईंना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणजे त्याही भांडायलाच आल्या होत्या.

"या निवृत्तीराव," तात्या म्हणाले. "भाचीचं कळलं. फार वाईट वाटलं. निधीला पहिलं नाव माझंच टाकलंय."

"तात्या, तिच्या अंगात काय आहे हे तिच्या आधी तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, तेच तर संघाचं काम. वेळेत कळलं."

"कळलं तर तिला बोलवायचं. दार लावायचं. खुर्ची द्यायची. पाणी द्यायचं. मग सांगायचं. बाजारतळावर टांगायचं असतं काय माणसाला?"

"निवृत्तीराव, तुम्ही चुकीचं घेताय. लपवण्यासारखं काय आहे त्यात? संघ म्हणजे कुटुंब."

"कुटुंब?" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार, कारण शिपाई दारात आला. "तुमच्या मेव्हण्याला दारू सोडवायला नाशकाला ठेवलं होतं ना? त्याचा फ्लेक्स कुठं लागला होता? मला दिसला नाही."

तात्यांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त आतून कुणी दिवा काढून घेतल्यासारखा झाला. "ती आमची घरातली बाब होती."

"मग ही कुणाच्या घरातली होती?"

तात्या म्हणाले, समिती नेमू. आमच्याकडं चूक झाली की समिती नेमतात, मग चूक म्हातारी होऊन मरते. मुजावर बाईंनी विचारलं, की साठवलेले वास आज पुसणार का? तात्या म्हणाले, एवढी मोलाची माहिती कशी पुसायची, कंपनी पुढच्या साली पुन्हा तपासणार आहे.

मी बाहेर पडलो. बाई मागोमाग आल्या. माझा राग त्यांच्यावरही होता आणि मी तो गिळला नाही. "बाई, सोंड तुमचीच."

"हो," त्या म्हणाल्या. "आणि पुसायचं काम मी माणसांवर सोडलं. यंत्रालाच विसरायला शिकवायला पाहिजे होतं. ती चूक माझी आहे, मामा." मग म्हणाल्या, "मला एक कळत नाही. तृप्तीताईंच्या कार्डावरच्या वासात डिझेल आहे. त्या गाई भरवतात, डिझेल कुठून आलं? सकाळी त्यांचं दूध केंद्रावर कोण घालतं?"

मी पिकअपच्या बोनेटला हात टेकला.

तृप्ती भल्या सकाळी कामाला बाहेर पडते. तिच्या दोन गाईंचं दूध मीच घालतो, तिच्या कार्डावर. तिचंच काय, आमच्या गावात कोण आपल्याच कार्डावर दूध घालतं? शेजारी लग्नाला गेला, त्याचं मी घालतो. माझ्या कार्डावर संगीता घालते, आणि कार्ड घरी राहिलं तर शेजाऱ्याच्या कार्डावर घालून घरी गेल्यावर तोंडी मिटवते. ऑफिसातल्या शहाण्यांना वाटलं, कार्ड म्हणजे माणूस. ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, कुणी विचारलंच नाही तर सांगणार कोण?

"बाई," मी म्हटलं, "म्हणजे तो वास…"

"तुमचा असू शकतो. मी तपासू शकते. पण तुम्ही हो म्हटलं तरच. नको म्हणालात तर मी हा विषय परत काढणार नाही, कुणाजवळही नाही."

त्या सगळ्या प्रकरणात मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. शपथेवर सांगतो, माझ्या आजाराची भीती नंतर आली. आधी डोळ्यांत पाणी आलं ते त्या विचारण्यानं.

मी हो म्हटलं. बाईंनी त्यांच्या पेटीतलं छोटं नाक काढलं, मानेमागं धरलं. पडद्यावर दोन रांगोळ्या आल्या. मला वाचता येत नाही ते, पण दोन रांगोळ्या सारख्या आहेत हे कुणालाही दिसेल. बाईंनी मला दाखवून माझी रांगोळी पुसली. "हे फक्त लक्षण आहे मामा, निकाल नाही. डॉक्टरला दाखवा. कधी दाखवायचं ते तुम्ही ठरवा."

*

माझा निर्णय सोपा होता. बाजारतळावर उभं राहून ओरडायचं, की वास माझा आहे, पोरीचा हात सोन्यासारखा आहे. माझी गाडी जाईल. थरथरणाऱ्या ड्रायव्हरला दूध कोण देणार? जाऊ दे. मी तृप्तीकडं गेलो आणि सांगून टाकलं.

ती उठून आली आणि माझे दोन्ही हात धरून निरखायला लागली. एकाएकी तिनं ते सोडून दिले, चटका बसल्यासारखे.

"बघ," ती म्हणाली. "मी पण तेच करायला लागले."

"उद्या सगळ्यांना सांगतो."

"खबरदार सांगितलंस तर." असा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. "काय होईल? फ्लेक्सवाला माझा फोटो काढेल आणि तुझा लावेल. तात्या तसेच वर, हात जोडून. तुला अर्धा कप मिळेल. एवढंच होईल मामा. आणि बाकीच्या तिघांचं काय? त्या म्हातारीची सून तिला नातवाला घेऊ देत नाही."

"मग तुझं काम?"

ती उंबऱ्यावर जाऊन बसली. मग हसली, फ्लेक्स लागल्यापासून पहिल्यांदा. "मामा, कार्ड म्हणजे माणूस असं त्यांना वाटतं ना? वाटू दे."

तो वास कुणाचा हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. ती फक्त दारोदार फिरली आणि बायांना एकच सांगितलं: उद्यापासून आपलं दूध आपल्या कार्डावर घालायचं नाही. बाया तयारच होत्या. प्रत्येकीच्या मनात होतं, की पुढच्या फ्लेक्सवर आपली कुठली गोष्ट निघेल. कुणाला दिवस गेले होते आणि सासरी सांगायचं नव्हतं. कुणाचा नवरा चोरून प्यायचा. कुणाला गाठ लागली होती. केंद्रावर रांगेत कार्डांची अदलाबदल झाली, संक्रांतीला वाण वाटतात तशी. बाकीच्या गावांना मी काहीच सांगितलं नाही, फक्त गाडी तिकडून गेली आणि गाडीत तृप्ती बसलेली होती. कुणाचं दूध किती, हे आम्हाला आमच्यात पाठ होतं. नाकाला नव्हतं.

नाक वेडं झालं. कंपनीचा नवा अहवाल आला, त्याच्यावरही 'गोपनीय' होतं. ऑफिसात काही टिकत नाही याची आम्हाला खात्री होतीच, संध्याकाळच्या आत सगळं बाहेर. पैलवान गड्याला पाळी जाताना होते ती तक्रार. न्हाणीत पडून कंबर मोडलेल्या आजोबांना रोज हातभट्टी. आणि विलासतात्यांचं कार्ड त्यांच्याच गड्यानं रांगेत देऊन टाकलं होतं, त्याच्यावर कुणीतरी नेमानं दूध घालत होतं. कोण, ते मी सांगणार नाही, तिला आता मुलगी झाली आहे.

चेअरमनना तिसरा महिना लागला.

फ्लेक्सवाल्याच्या दुकानात लोक हसून हसून खाली बसले. कुणीतरी डिंकाचे लाडू संघाच्या ऑफिसात पाठवले. कुणी विचारलं, तात्या, ओटी कधी भरायची? तात्या आठवडाभर बाहेर दिसले नाहीत. त्यांना कळलं असणार, माणसाकडं सगळे एकाच जागी बघतात म्हणजे काय होतं. पोटाकडं बघत होते त्यांच्या.

वार्षिक सभेत सभासदांनी ठराव करून घेतला, मुजावर बाई उभ्या राहिल्या आणि साठवलेले सगळे वास सगळ्यांसमोर पुसले गेले. यंत्र आता असं केलंय, की कॅन उचलला की ते माणूस विसरतं. पुसायचं कुणाच्या हातात ठेवलेलंच नाही. फ्लेक्स उतरले. कंपनीकडं गेलेलं काय झालं? त्याचं उत्तर अजून कुणी देत नाही. मी अजून विचारतो. प्रत्येक सभेत विचारतो. मला बघितलं की तात्या घड्याळ बघतात.

तृप्तीला बोलावणी यायला लागली. लोक म्हणायचे, नाकाचं काय खरं, ते तात्यांनाही दिवस गेले म्हणून सांगतं. सगळे आले नाहीत. गोरखनं आजतागायत तिला बोलावलं नाही. त्याच्या बायकोनं एकदा वाटेत गाठून रडून घेतलं, तेवढंच. एकदा नजर बसली की पुसायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

आता तुम्ही विचाराल, इतकं लपवलं आणि आता का सांगतोस? आता माझं मी ठरवलंय म्हणून. गेल्या पावसाळ्यात डाव्या हाताची करंगळी गिअरवर आपोआप नाचायला लागली. डॉक्टरला दाखवलं, दार लावून. त्यानं सांगितलं, आधी मला, आणि फक्त मला. घरी येऊन मी संगीताला सांगितलं, मग तृप्तीला. पिकअप मी स्वतः संघाच्या दारात नेऊन लावली आणि किल्ली टेबलावर ठेवली. कारण सांगितलं नाही. विचारायची त्यांची छाती झाली नाही.

परवा तृप्तीबरोबर बाजारतळावर चहाला थांबलो. फ्लेक्स होता तिथं आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा आहे. चहावाल्यानं कप काठोकाठ भरला आणि माझ्यापुढं सरकवला. त्याला काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, अर्धाच दे."

त्यानं का म्हणून विचारलं. मी त्याला सांगितलं.